उशिरा लिहिलेली पाने : युद्ध, फाळणी आणि स्त्रियांची लेखणी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना बोलण्यातील पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)





वार्षिक समारंभ हा आनंदाचा दिवस. बक्षिसे मिळतात, फोटो निघतात, आई-वडील मुलांकडे कौतुकाने पाहतात. अशा दिवशी युद्ध आणि दंगलींचा विषय का काढला, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. चिटणीस साहेबांनीही मला हळूच तसे विचारले. मी त्यांना म्हटले, विषय वरवर युद्धाचा दिसतो, पण खरा आहे तो लिहिण्याचा. आणि लिहायला शिकवणे हेच तर आपल्या संस्थेचे काम आहे.

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गाला मी एक निबंध दिला होता. विषय साधा होता : 'आमच्या घरातील एक जुनी आठवण'. बहुतेकांनी लग्न, ईद, विहिरीत पडलेली बकरी, घरात आलेली पहिली मोटारसायकल असे काही लिहून आणले. एका मुलीने दोन पाने लिहिली होती. पहिल्या पानावर तिच्या दादीचे माहेर होते, तेथील आंब्याचे झाड होते, परसातील चूल होती. दुसऱ्या पानावर एका रात्रीची हकीकत सुरू झाली होती. आणि तेथून पुढच्या साऱ्या ओळींवर शाईने रेघा ओढल्या होत्या. समासात बारीक अक्षरात लिहिले होते : 'हे शाळेत द्यायचे नाही असे अब्बांनी सांगितले.'

मी त्या वडिलांना दोष देत नाही. आपल्या आईचे दुःख चारचौघांत वाचले जाऊ नये, मुलीच्या कोवळ्या मनात कडवटपणा उतरू नये, असे त्यांना वाटले असेल. ते वाटणे माणुसकीचे आहे. पण त्या रेघा माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात. मग मी या विषयावरील पुस्तके वाचू लागले, आणि माझ्या लक्षात आले की अशा रेघा केवळ त्या एका वहीत नाहीत. जगभरच्या स्त्रियांच्या वह्यांत त्या आहेत.

युद्धाचा इतिहास लवकर लिहिला जातो. तोफा थंडावतात न थंडावतात तोच सेनापतींची आत्मचरित्रे निघतात, नकाशे छापले जातात, कोणत्या दिवशी कोणता पूल पडला याच्या नोंदी होतात. पण त्याच दिवशी घरात चूल पेटली की नाही, लेकरांना घेऊन कोण कोणत्या वाटेने निघाले, कोण परत आले नाही आणि जी परत आली तिला दारात घेतले की नाही, हे लिहायला पंधरा, पंचवीस, चाळीस, पन्नास वर्षे लागतात. आणि हे लिहिणाऱ्या बहुतेक स्त्रियाच असतात. हा उशीर का होतो आणि तो कमी कसा करता येईल, एवढेच मला आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

सुरुवात जरा दूरच्या मुलखापासून करते. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्यात आठ ते दहा लाख स्त्रिया होत्या. त्या परिचारिका होत्या, स्वयंपाकिणी होत्या, तशाच विमाने चालवणाऱ्या, रणगाड्यांवरच्या आणि नेमबाजही होत्या. १९४५ साली विजय झाला. पुतळे उभे राहिले, चित्रपट निघाले. पण या स्त्रियांनी काय पाहिले, हे त्यांना सविस्तर विचारायला कोणी गेले नाही. बेलारूसमधील पत्रकार स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस गावोगाव फिरून शेकडो स्त्रियांना बोलते केले. त्यांचे पुस्तक १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे युद्धानंतर चाळीस वर्षांनी. 'युद्धाला स्त्रीचा चेहरा नसतो' असा त्याच्या नावाचा अर्थ. हस्तलिखित तयार झाल्यावरही ते दोन वर्षे पडून होते. सरकारी तपासनीसांचे म्हणणे असे, की यात विजयाचा गौरव कमी आणि घाण, भूक, भीती जास्त आहे. वगळलेला काही भाग लेखिकेने पुढील आवृत्त्यांत परत घातला. २०१५ मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या पुस्तकात सांगितलेली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. लेखिका मुलाखतीला येणार म्हणून एका स्त्रीच्या नवऱ्याने आदल्या रात्री तिच्याकडून युद्धाच्या इतिहासाची उजळणी करून घेतली. बायको काहीतरी चुकीचे बोलून बसेल, याची त्याला धास्ती. जी बाई प्रत्यक्ष आघाडीवर होती, तिने आपली आठवण पुस्तकावरून पाठ करायची! यात नवऱ्याचा दुष्टपणा नव्हता. इतिहास म्हणजे तारखा आणि लढाया, ही त्याची समजूत होती. बायकोच्या आठवणीत होते ते ओले कपडे, कापलेली वेणी, मरणाऱ्या सैनिकाचा हात. ते इतिहासात बसते असे त्याला वाटत नव्हते, आणि पुष्कळदा तिलाही वाटत नव्हते. कित्येक जणींनी घरी परतल्यावर आपली पदके दडवून ठेवली, कारण आघाडीवर राहून आलेल्या मुलीशी लग्न कोण करणार, हा प्रश्न त्या देशातही होताच.

आता आपल्या देशाकडे येऊ. १९४७ च्या ऑक्टोबरात मसुरी येथे नगरपालिकेचे प्रशासक शफी अहमद किडवाई यांचा खून झाला. ते रफी अहमद किडवाई यांचे भाऊ. फाळणीच्या वणव्यात अनेकांनी गाव सोडण्याचा सल्ला दिला असता ते आपल्या जागेवरून हलले नव्हते. त्यांच्या पत्नी बेगम अनीस किडवाई दुःखाचे ओझे घेऊन दिल्लीला गेल्या आणि गांधीजींना भेटल्या. गांधीजींनी त्यांना छावण्यांत काम करण्यास सांगितले. त्यानंतर पुराना किल्ला आणि हुमायूनचा मकबरा येथील मुसलमान निर्वासितांच्या छावण्यांत त्यांनी काम केले. मृदुला साराभाई, सुभद्रा जोशी अशा कार्यकर्त्या त्यांच्या बरोबरीने राबत होत्या. कपडे, औषधे, आजारी मुले, हरवलेल्या मुली, बेवारस प्रेते, सगळे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि लिहून ठेवले. 'आज़ादी की छाँव में' हे त्यांचे उर्दू पुस्तक. लिखाण दोन-तीन वर्षांतच झाले होते. पुस्तक म्हणून ते १९७४ मध्ये वाचकांच्या हाती पडले. म्हणजे येथेही पाव शतकाचा उशीर आहे.

या पुस्तकाची थोरवी कशात आहे? लेखिकेचा स्वतःचा नवरा मारला गेला आहे. ती कोणावरही आग ओकू शकली असती आणि तिला कोणी नावे ठेवली नसती. पण तिने आपल्या माणसांचे दुःख लिहिताना दुसऱ्या बाजूच्या निर्वासितांचे दुःखही तितक्याच स्पष्टपणे लिहिले. आणि आपल्या लोकांच्या चुकाही झाकल्या नाहीत. विद्यार्थ्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे. दुःख लिहिणे म्हणजे सूड लिहिणे नव्हे.

अनीस किडवाई यांनी आणखी एक अवघड प्रश्न विचारला. फाळणीत पळवल्या गेलेल्या स्त्रियांची संख्या सरकारी अंदाजानुसार फार मोठी होती : भारतात सुमारे ५०,००० मुसलमान स्त्रिया आणि पाकिस्तानात सुमारे ३३,००० हिंदू व शीख स्त्रिया. ६ डिसेंबर १९४७ रोजी दोन्ही देशांनी त्यांना शोधून परत पाठवण्याचे ठरवले. १९४९ मध्ये आपल्याकडे त्यासाठी कायदा झाला. हेतू चांगला होता आणि हजारो स्त्रिया त्यामुळे सुटल्या. पण या कायद्यात 'अपहृत व्यक्ती' कोणाला म्हणावे याची जी व्याख्या होती, ती पाहा. मुलगा असेल तर सोळा वर्षांच्या आतला. स्त्री मात्र कोणत्याही वयाची. म्हणजे तीस वर्षांची बाई आणि दहा वर्षांचा मुलगा, दोघांना स्वतःचे मत नाही असे धरले गेले. एखादी म्हणाली, मला आता परत नेऊ नका, माझे लेकरू येथे आहे, तेथे मला कोणी घरात घेणार नाही, तरी निर्णय तिचा नव्हता. छावणीत काम करणाऱ्या अनीस किडवाईंना या मुलींचा आक्रोश ऐकू आला. त्यांनी तो लिहिला. आपण ज्याला उपकार समजतो आहोत, तो एखादीला दुसऱ्यांदा उपटून टाकणे तर नव्हे, अशी शंका त्यांच्या लिखाणातून डोकावते. कायद्याच्या कागदात ही शंका सापडत नाही. ती रोजनिशीत सापडते.

येथे कोणी विचारील, मग उशीर न करता कोणी लिहिलेच नाही का? लिहिले, पण बहुधा कथा-कादंबरीच्या आडोशाने. अमृता प्रीतम यांचा जन्म गुजरांवालाचा. फाळणीत त्यांना लाहोर सोडावे लागले. त्यांची 'पिंजर' ही पंजाबी कादंबरी १९५० मध्येच प्रसिद्ध झाली. पूरो नावाच्या हिंदू मुलीला रशीद नावाचा मुसलमान तरुण जुन्या खानदानी वैरातून पळवून नेतो. ती सुटून घरी येते, तेव्हा आई-बाप तिला ठेवून घ्यायला तयार होत नाहीत. कादंबरीच्या अखेरीस, परत जाण्याची संधी समोर असताना, ती रशीदजवळ राहण्याचे स्वतः ठरवते. हा शेवट आवडो वा न आवडो, तो कोणाच्याही सोयीचा नाही. हिंदू वाचकाच्या नाही, मुसलमान वाचकाच्या नाही, आणि सरकारच्या तर नाहीच. कादंबरीतील बाईला जे बोलता आले, ते खऱ्या बाईला आपल्या नावाने बोलायला पुढे कित्येक वर्षे लागली. ललित वाङ्मयाचे मोल येथे आहे. ज्या घरात एखादी गोष्ट बोलता येत नाही, तेथे ती 'गोष्ट' म्हणून तरी शिरते.

यानंतर १९७१ चे वर्ष. ढाक्यात जहानारा इमाम नावाच्या एक शिक्षिका होत्या. मुलींच्या एका शाळेच्या त्या मुख्याध्यापिका होत्या, पुढे शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात शिकवत. त्यांचा मोठा मुलगा रूमी पुढील शिक्षणासाठी अमेरिकेला जाणार होता. तसे न करता तो मुक्तिवाहिनीत गेला. ऑगस्ट १९७१ च्या अखेरीस सैन्याने घरावर धाड घातली आणि रूमी, त्याचा धाकटा भाऊ आणि वडील यांना नेले. भाऊ आणि वडील परत आले. रूमी कधीच आला नाही. मुलासाठी दयेचा अर्ज करावा काय, हा प्रश्न घरात उभा राहिला. ज्या राजवटीशी तो लढतो आहे तिच्यापुढे त्याच्या वतीने हात जोडणे त्याला मान्य होणार नाही, म्हणून आई-वडिलांनी अर्ज केला नाही. या निर्णयाचे ओझे काय असेल, ते येथे बसलेल्या मातापित्यांना सांगायला नको. १६ डिसेंबरला युद्ध संपले. त्याच्या तीनच दिवस आधी रूमीचे वडील हृदयविकाराने गेले.

जहानारा इमाम यांची त्या काळातील दैनंदिनी 'एकात्तरेर दिनगुली' या नावाने १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. घटनेनंतर पंधरा वर्षांनी. हे पुस्तक मी मुलींना मुद्दाम सुचवते, कारण ते एका गृहिणीच्या रोजच्या दिवसांचे पुस्तक आहे. सामान आणणे, पाहुणे, टेलिफोन, संचारबंदी, मुलांचे जेवण; आणि या सगळ्यांतून हळूहळू आत शिरणारे युद्ध. लढाईचे वर्णन करायला रणांगणावर असावे लागत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतूनही लढाई दिसते. फक्त ती दिसली असे मान्य करावे लागते.

त्याच युद्धात असंख्य स्त्रियांवर अत्याचार झाले. स्वतंत्र बांगलादेशाच्या सरकारने त्यांना 'बीरांगना' असा किताब दिला. किताब मोठा होता, पण घरोघरी त्याच शब्दाचा कलंक झाला. ढाका विद्यापीठातील बंगालीच्या प्राध्यापिका नीलिमा इब्राहिम या स्त्रियांच्या पुनर्वसनाच्या कामात होत्या. त्यांनी ऐकलेल्या हकीकती 'आमि बीरांगना बोलछि', म्हणजे 'मी बीरांगना बोलते आहे', या नावाने १९९४ मध्ये आल्या. तेवीस वर्षांनी. या स्त्रियांना मुक्तियोद्ध्यांचा दर्जा द्यायचे ठरले ते २०१५ मध्ये; म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी. तोवर किती जणी हयात राहिल्या असतील, याचा विचार करा. उशीर म्हणजे काय, ते या आकड्यांवरून कळते. उशिरा मिळालेली ओळख पुष्कळदा कबरीवरच्या दगडाला मिळते.

आणि फाळणी झालेल्या पंजाबातील बायकांच्या आठवणींचे मोठे पुस्तक आले ते १९९८ मध्ये, एक्कावन्न वर्षांनी. उर्वशी बुटालिया यांचे 'द अदर साइड ऑफ सायलेन्स'. १९८४ मध्ये दिल्लीत शीखविरोधी हिंसाचार झाला, तेव्हा मदतकार्य करताना त्यांना वयस्क माणसांच्या तोंडून पुन्हा पुन्हा १९४७ ऐकू आले. आणि त्या कामाला लागल्या. शोध सुरू झाला तो स्वतःच्या घरातून. त्यांचे मामा फाळणीच्या वेळी लाहोरलाच राहिले होते, मुसलमान झाले होते, आणि आजीही त्यांच्याजवळच राहिली होती. घरात या गोष्टीवर वर्षानुवर्षे बोलणे नव्हते. याच पुस्तकात थोआ खालसा या रावळपिंडी जिल्ह्यातील गावाची हकीकत आहे. मार्च १९४७ मध्ये तेथे सुमारे नव्वद स्त्रियांनी अब्रूसाठी विहिरीत उड्या घेतल्या. त्यांना हुतात्मा म्हटले गेले. लेखिका त्यांचा अवमान करीत नाही. पण ती विचारते, यांपैकी किती जणींना दुसरा मार्ग निवडण्याची मुभा होती? 'शहीद' हा मोठा शब्द उच्चारला की पुढचे प्रश्न थांबतात. थांबलेला प्रश्न पुन्हा विचारणे, हे या लेखिकांचे काम आहे.

काही वेळा मात्र विचारायला कोणी उरलेलेच नसते. पॅलेस्टिनी लेखिका अदनिया शिबली यांची एक लहान अरबी कादंबरी २०१७ मध्ये आली. इंग्रजीत ती 'मायनर डिटेल' म्हणून वाचली जाते. १९४९ मध्ये नेगेवच्या वाळवंटात सैनिकांनी एका बदाऊनी मुलीवर अत्याचार करून तिला ठार मारले, या खऱ्या घटनेवर ती बेतलेली आहे. पुस्तकाच्या पहिल्या भागात आपण त्या तळावरच्या अधिकाऱ्याच्या पाठोपाठ फिरतो. मुलीला नाव नाही आणि तिचे बोलणे आपल्याला कळत नाही. दुसऱ्या भागात कित्येक वर्षांनी रामल्लाहची एक स्त्री तिचा माग काढायला निघते. लेखिकेने मुलीच्या तोंडी खोटे शब्द घातले नाहीत, हे मला फार प्रामाणिकपणाचे वाटते. जे हरवले ते हरवले, आपण ते परत बनवू शकत नाही, हे सांगायलाही धैर्य लागते. आणि म्हणूनच ज्या स्त्रिया आज आपल्यात आहेत, बोलू शकतात, त्यांचे शब्द वाया जाऊ देणे हा अपराध आहे.

आता आपण आपल्या मराठी मुलखाकडे वळू. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्याआधी रझाकारांच्या जुलमाने गावेच्या गावे हैराण झाली होती, हिंदू कुटुंबे घरे सोडून सरहद्दीपलीकडे गेली होती. आणि त्यानंतर अनेक ठिकाणी निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने फिरून अहवाल दिला. तेव्हाचे उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, आणि नांदेड, बिदर, गुलबर्गा या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ लागल्याचे त्यात नमूद आहे. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. जेथे सरकारचा अहवालच मिटलेला राहिला, तेथे घराघरांतील बायकांचे शब्द कोण जपणार? गावातून रातोरात निघालेली हिंदू आजी असो, की शेतात दडून बसलेली मुसलमान दादी असो, दोघींची पाने कोरीच राहिली.

हे मी परक्याचे सांगत नाही. माझी दादी त्याच भागातली. रोज संध्याकाळी दाराला कडी लावण्यापूर्वी ती घरातली मुले मोजायची. एकदा मोजून झाले की पुन्हा मोजायची. आम्ही हसायचो. कोणी मुद्दाम पडद्यामागे लपायचा, म्हणजे दादीचा हिशेब चुकावा. तेव्हा तिचा चेहरा कसा व्हायचा ते मला आज आठवते आणि मान खाली जाते. ती दोनदा का मोजते, हे मी कधी विचारले नाही. मी शिकले, पदवी घेतली, मुलांना इतिहास आणि भाषा शिकवू लागले; सुट्टीत घरी गेले की तिच्याजवळ बसत असे; पण विचारले नाही. आता ती नाही. माझ्याजवळ तिची एक चांदीची पानदानी आहे, आणि एक न विचारलेला प्रश्न आहे.

म्हणून मुलामुलींनो, तुम्हाला माझी विनंती आहे. घरातील वृद्ध स्त्रियांजवळ बसा आणि विचारा. पण विचारण्याचीही रीत असते. आधी परवानगी घ्या. 'नको बेटा' असे ती म्हणाली, तर थांबा. न बोलण्याचाही तिला हक्क आहे. बोलू लागली, तर मध्ये तोडू नका आणि तिची तारीख चुकली म्हणून दुरुस्त करू नका. तारखा पुस्तकात मिळतील, ती जे सांगते ते पुस्तकात नाही. तिची बोली असेल तशी लिहा. दखनी असेल तर दखनी, कोकणी असेल तर कोकणी. नाव घालू नका म्हणाली, तर घालू नका. आणि सर्वांत महत्त्वाचे, तिने शेजारच्या परधर्मीय बाईने लपवल्याचे सांगितले, तर तेही लिहा. आपल्या माणसाने केलेला अन्याय सांगितला, तर तोही लिहा. सोयीचे तेवढे लिहिले, की ती आठवण राहत नाही, तो दावा होतो.

पालकांना मी काय सांगावे? आपण संकोचता, ते मी समजू शकते. घरातील दुःख चव्हाट्यावर येऊ नये, ही भावना खोटी नाही. पण घरची अब्रू आणि घरच्या बाईचे दुःख, या दोन गोष्टींत अंतर आहे. जिच्यावर अन्याय झाला, तिने बोलल्याने अब्रू जात नाही. आणि मुलांच्या मनात द्वेष उगवेल अशी भीती असेल, तर अनुभव असा आहे की अर्धवट ऐकलेली, कुजबुजलेली गोष्टच द्वेषाला खतपाणी घालते. पूर्ण ऐकलेल्या गोष्टीत मारणाराही माणूस असतो आणि वाचवणाराही. आपली मुलगी वही घेऊन कोपऱ्यात बसलेली दिसली, तर ती काय लिहिते ते चोरून वाचू नका आणि ती वही हिसकावू नका. मुलींना शाळेत घातले, अक्षरे दिली. आता त्या अक्षरांनी त्यांनी फक्त परीक्षेची उत्तरेच लिहावीत, अशी अट घालू नका.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांपुढेही एक सूचना ठेवते. या स्मरणिकेत देणगीदारांची नावे असतात, निकाल असतो, अहवाल असतो. ते असावेच. पण पुढील वर्षापासून चार पाने विद्यार्थ्यांनी लिहून आणलेल्या घरच्या आठवणींसाठी राखून ठेवावीत; सांगणारीची परवानगी घेऊन, ती म्हणेल तर नावाशिवाय. चार पाने काही फार नाहीत. पण दहा वर्षांत चाळीस होतील.

त्या नववीतील मुलीच्या वहीचे काय झाले, असे आपण विचाराल. मी निबंधाला गुण दिले आणि खाली एकच शेरा लिहिला : 'खोडलेला मजकूर फाडू नये. घरी जपून ठेवावा.' वही परत घेताना ती काही बोलली नाही. फक्त पान उघडून शेरा पाहिला आणि वही छातीशी धरून गेली. त्या रेघांखालील अक्षरे वाचता येण्यासारखी होती. मी वाचली नाहीत. ती वाचण्याचा आधी अधिकार तिच्या अब्बांचा आहे. कारण ती त्यांच्या आईची गोष्ट आहे.